डेअरी चौकातले दोनशे मीटर

हॅलो?… हां, बोल गं छोटे… अगं हळू! एका दमात चार प्रश्न नको विचारूस… कोण, बाबा?… परत नोकरीला कुठले लागतायत, चौसष्ट पूर्ण झाली त्यांना… कुठला फोटो?… अच्छा, तो! फिरत फिरत तुझ्यापर्यंत आला का? कुणी पाठवला?… तुझ्या लॅबमधल्या मुलीच्या मावशीनं. घ्या! म्हणजे गावभर झालं आणि घरच्या माणसाला शेवटी कळलं.

हो, बाबाच ते. ड्रायव्हरच्या सीटवर… हो, वर्दीच आहे. जुनीच. आईनं कमरेत उसवून चार बोटं सोडली तेव्हा कुठे चढली… नाही नाही, वेडबिड काही लागलेलं नाही. ठणठणीत आहेत. आत्ता घरात नाहीत म्हणून तर मी मोकळेपणी बोलतेय… आई मशीनवर बसलीये, आवाज येत नाही का तुला? आई, छोटी आहे गं!… हो, विचारते. आई विचारतेय, जेवलीस का… जेवली म्हणे!

बरं, वेळ आहे ना तुला?… मग बस एका जागी. निवांत… अगं वाईट काही नाही! वाईट असतं तर मी अशी कपड्यांच्या घड्या घालत बोलले असते का?

ऐक ना. तू सायकल घेतलीस, ग्रुपवर फोटो टाकलास, आणि बाबा तुझ्याशी बोलायचे बंद झाले. बरोबर?… हो, पाच आठवडे. मीही मोजलेत… हो गं, आई खोटं सांगायची. आंघोळीला गेलेत, डोळा लागलाय, खाली गेलेत… समोरच्या खुर्चीत असायचे. तुझा फोन वाजला की पेपर तोंडासमोर… रडतेयस?… मग नाक का ओढतेस?… हट्टी आहेत, मान्य. शंभर वेळा मान्य. पण हा हट्ट नव्हता छोटे. तेच सांगतेय.

तुला आठवतं, एका वर्षी बाबा दोन महिने घरी होते?… हां, तू सात वर्षांची होतीस. तुला वाटलं सुट्टी आहे. सारखी त्यांच्या पाठीवर चढायचीस. आणि ते आपले खिडकीशी बसून… बरोबर, त्याच आठवड्यात माझी हिरवी सायकल गेली. रखवालदाराच्या मुलीला देऊन टाकली… हो, माझ्यानंतर तुलाच मिळणार होती. जिन्यात बसून भोकाड पसरलं होतंस. "या घरात सायकल नको." बस्स, एवढंच. का, कशाला, विचारायची सोय नाही… आईला माहीत होतं. पण ती मूग गिळून बसली. आता विचारलं तर म्हणते, "मी सांगायची गोष्ट नव्हती ती."

थांब, सरळ पहिल्यापासून सांगते. नाहीतर तू मध्येच फाटे फोडशील.

माझं काम तुला माहितीये… नुसते पट्टे मारत नाही मी रस्त्यावर! नगरपालिकेची इंजिनिअर आहे, जरा मान राख… हसू नकोस. हे बघ, सहा वर्षांत आम्ही सायकलचे अकरा ट्रॅक केले, मिळून तेवीस किलोमीटर. नदीकाठी एक, शाळांच्या रस्त्याला एक, हॉस्पिटलपाशी एक… छान आहेत गं, गुळगुळीत. पण एकाचं तोंड दुसऱ्याला दिसत नाही. कुठेतरी सुरू होतात, कुठेतरी संपतात. आई काय म्हणाली माहितीये? "बाह्या शिवल्यास, कॉलर शिवलीस, खिसाही लावलास. सदरा कुठाय?"… अगदी तसंच म्हणाली, मशीनवरून मान वर न करता.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे डेअरीचा चौक. आठवतो ना?… हां, तिथे आता पेट्रोल पंप झालाय. नदीवरचा ट्रॅक चौकाच्या अलीकडे संपतो आणि हॉस्पिटलचा पलीकडे सुरू होतो. मध्ये दोनशे मीटर काही नाही. बस, ट्रक, आणि तुम्ही व तुमचं नशीब. आम्ही माणसं बसवून मोजलं. नदीकाठी दिवसाला चौदाशे सायकली. आणि चौकात? सांग किती… सत्तर!… अगं जातात कुठे म्हणजे? आधीच वळतात, गल्लीबोळांतून लांबचा फेरा घेतात. आणि ज्यांना तेवढी सवड नाही, ते सायकल बाहेरच काढत नाहीत. दोनशे मीटरपायी तेवीस किलोमीटर फुकट.

तर त्या चौकाचं ड्रॉइंग मी केलं. कोपऱ्यावर सिमेंटचं एक छोटं बेट, बदामाच्या आकाराचं, म्हणजे सायकलवाले त्याच्या आडोशाला उभे राहतील. बस विभागाकडे पाठवलं. परत. दुसऱ्यांदा पाठवलं. परत. त्यांच्या मोठ्या साहेबांचा शेरा, "या बेटावरून बस वळणार नाही." एवढी एकच ओळ, लाल शाईत. तिसरी आणि शेवटची संधी होती. यंदाच्या कामांची यादी बंद झाली की पुढचं पुढच्या वर्षी, आणि तोवर मला कुठे टाकतील कोण जाणे.

मग मी ते घरी आणलं. जेवणाच्या टेबलावर पसरलं… हो, आईनं आरडाओरडा केला, ताटं कुठे ठेवू म्हणून. आणि बाबा आले. हा तुझ्या फोटोनंतरचा आठवडा, बरं का. घरात तर असं वातावरण, की चमचा पडला तरी दचकायला व्हावं. चष्मा चढवला, वाकून बघितलं आणि म्हणाले, "हे ज्यानं काढलंय त्यानं कधी बस चालवली नाही."

मला असा राग आला! म्हटलं, "मीच काढलंय."

"मग तू चालवली नाहीस," म्हणाले. "नाकाचा विचार केलायस. शेपटाचा कुठे केलायस?"

अगं, बस वळते ना, तेव्हा पुढची चाकं जातात एका वाटेनं आणि मागची जातात दुसऱ्या. मागची आतून कापतात, कोपरा खातात. हे मला पुस्तकात माहीत होतं. पण बाबांना… ते अंगात आहे गं त्यांच्या. उठले आणि आईची इस्त्री घेऊन आले… हो, इस्त्री! थंडच होती. ती त्यांनी बस केली. आणि आईच्या डब्यातली बटणं घेतली, ते सायकलवाले. ड्रॉइंगवर इस्त्री वळवून दाखवली. मागची बाजू बरोबर माझ्या बदामावर चढली. म्हणाले, "साहेब बरोबर आहेत. आणि तूही बरोबर आहेस. बेट हवंच. फक्त जागा चुकलीये." मग पेन्सिल मागितली. तासभर आम्ही दोघं इस्त्री फिरवतोय, आई मशीनवरून मध्येच कपाळाला हात लावतेय…

आणि मग ते एकदम थांबले. एक बटण घेतलं, पांढरं, आणि इस्त्रीच्या डाव्या अंगाला अगदी चिकटून ठेवलं. पुढच्या दाराच्या जरा मागे. म्हणाले, "हे इथे असलं की दिसत नाही."

मी म्हटलं, "आरशात?"

"आरशात, काचेत, कशातच नाही." आणि बोट त्या बटणावरच. उचलेनात. आईनं मशीन थांबवलं. आणि मग… तू ऐकतेयस ना?

मग त्यांनी सांगितलं. एकोणीस वर्षांपूर्वी, त्याच चौकात, सकाळी साडेआठला. बाबा डावीकडे वळले आणि एक मुलगी सायकलवर होती. कॉलेजातली… नाही गं, नाही, जिवंत आहे! थांब तर! मागच्या चाकाखाली पाय आला तिचा. तीन ऑपरेशनं झाली… हो. तेच दोन महिने. चौकशी झाली. ड्रायव्हरचा दोष नाही असं लिहून आलं. सगळ्यांनी पाठ थोपटली, सुटलास म्हणून. आणि बाबा मला म्हणाले, "सुटलो कसला. मला आठवतच नाही, मी आरशात बघितलं होतं का. वळायच्या आधी बघतोच मी. रोज बघतो. पण त्या दिवशी बघितलं का? किती वेळा तो क्षण आठवून पाहिला, तिथे आलो की कोरं."

त्यानंतर तेरा वर्षं गाडी चालवली त्यांनी. रोज. त्याच चौकातून. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

…हं.

…हं. मीही रडले. आईही. मग आईच डोळे पुसत म्हणाली, "आता इस्त्री उचला, माझा गिऱ्हाईकाचा झगा व्हायचाय." तशीच आहे ती.

आता कळलं, तुझा फोटो बघून काय झालं त्यांना?… हो. तू हसतेयस, आणि खाली ती दोन चाकं. फोन पालथा घालून ठेवला होता त्यांनी टेबलावर. मी बघितलं होतं, मला वाटलं रागच आहे… तुझं काय चुकलं? तुझं काही चुकलं नाही. तुला कुणी सांगितलंच नाही तर तू काय करणार?

अगं, पुढे ऐक, खरी गोष्ट तर पुढे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी म्हणाले, "मला डेपोत ने." तिथे त्यांचे ते पाना-काका आहेत ना, मेकॅनिक, कानावर कायम पाना अडकवल्यासारखे… ते! अजून आहेत, यंदा निवृत्त होतायत. त्यांनी शिकाऊ ड्रायव्हरांसाठी ठेवलेली एक जुनी बस काढून दिली. रविवारी डेपोच्या अंगणात खडूनं अख्खा चौक आखला आम्ही. बेटाच्या जागी धुण्याच्या बादल्या. आणि बाबा सतरा वेळा वळले. सतरा! पहिल्या सहा बादल्या उडवल्या. पाना-काका प्रत्येक बादलीला "गेला!" म्हणून ओरडायचे. मग जमायला लागलं. बेट दीड फूट मागे सरकवायचं आणि बसनं चार मीटर अलीकडेच थांबायचं. सायकलवाले पुढे, बस मागे. म्हणजे ते आरशात शोधायचेच नाहीत, समोरच्या काचेतूनच दिसतात! आणि हिरवा दिवा त्यांना आधी. इतकं सोपं गं. सहा वर्षं मी कॉम्प्युटरवर रेघा ओढतेय आणि…

हो, खूश होते. पण मला वाटलं झालं, एवढंच. नाही. बाबांच्या डोक्यात दुसरंच होतं.

त्यानंतर ते चष्मा करायला गेले… हो, चष्मा. मी म्हटलं, आहे की चांगला. म्हणाले, "नंबर बदललाय बहुतेक." दोन दिवसांनी परत गेले. म्हणे फ्रेम टोचतेय. मग तिसऱ्यांदा. तुझ्या लक्षात आलंय का, बाबा कायम गावाच्या पार दुसऱ्या टोकाहून चष्मा आणायचे? दोन गल्ल्या सोडून आपल्याकडे एवढं मोठं दुकान असून?… हां. तेच. या वेळी गेले ते त्या जवळच्या दुकानात. तिथे डोळे तपासते ती. तीच मुलगी. मुलगी कसली, आता चाळीशीची बाई आहे… त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, ती तिथे असते ते. रोज बसमधून दिसायचं ना दुकान.

दोनदा गेले आणि दोन्हीदा नुसते अक्षरं वाचून आले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तिनंच दिवा बंद केला आणि म्हणाली, "काका, तुमचा नंबर बदललेला नाही. तुम्ही का येताय ते मला माहितीये. बसा."

हो ना! पहिल्याच दिवशी ओळखलं होतं तिनं. तिनंच मला सांगितलं नंतर. म्हणाली, "चौकशीच्या वेळी समोरासमोर बसलो होतो आम्ही. चेहरा विसरेन कशी?"… नाही, रागावली नाही. म्हणजे, आनंदानं उड्याही मारल्या नाहीत. म्हणाली की पाय अजून वाकत नाही नीट, थंडीत ठणकतो. आणि सायकल अजून चालवते! हो! पण डेअरी चौक टाळून, रोज दोन किलोमीटरचा वळसा घालून. एकोणीस वर्षं वळसा. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग माझं ड्रॉइंग खिशातून काढून तिच्यासमोर पसरलं. बाबा! खिशात घेऊन फिरत होते! म्हणाले, "ताई, बुधवारी डेपोत याल का? साहेबांना दाखवायचंय. तुमच्याशिवाय ते पूर्ण होणार नाही."

ती म्हणाली, "बघते." एवढंच.

…आले ना साहेब. का येणार नाहीत? पाना-काकांनी सांगितलं, जुन्या ड्रायव्हरला तुम्हाला काहीतरी दाखवायचंय. माणूस रुक्ष आहे, पण सरळ. बाबा वर्दी घालून उभे. बूटसुद्धा पॉलिश केलेले. साहेब म्हणाले, "निवृत्त झालात ना तुम्ही?" बाबा म्हणाले, "झालो साहेब. जरा सीटवर बसता का?"

बसवलं त्यांना. "आरसे हवे तसे लावून घ्या, घाई नाही." त्यांनी लावले. मग बाबांनी आम्हाला खूण केली. आम्ही नऊ जण सायकली घेऊन बसच्या कडेनं उभे राहिलो. मी, माझ्या ऑफिसातले तिघे, हॉस्पिटलमधल्या दोन नर्स, एक शाळेतल्या बाई, पाना-काका… आणि नववी ती. शेवटच्या क्षणाला आली. फाटकातून सायकल हातात धरून, जरा लंगडत. मी बाबांकडे बघितलं, त्यांनी नुसती मान हलवली.

बाबा म्हणाले, "साहेब, किती सायकली दिसतात? नीट बघून सांगा."

साहेबांनी बघितलं. डावीकडे, उजवीकडे, वाकून. म्हणाले, "तीन."

"नऊ आहेत साहेब."

विश्वास बसेना त्यांचा. खाली उतरले, बसला फेरी मारली, एकेकाकडे बोट करून मोजलं. परत वर चढले. परत बघितलं. तीनच! अगं, अख्खी नऊ माणसं, हात लांब केला तर बसला लागेल इतकी जवळ, आणि दिसतात तीन. साहेबांचा चेहरा उतरला.

आम्हाला वाटलं संपलं. पण बाबा म्हणाले, "आता मला एकदा बसू द्या." आणि सीटवर बसले. तोच फोटो तुझ्याकडे आहे… हां, तो तेव्हाचा. बाकीच्यांना बाजूला व्हायला सांगितलं. आणि खिडकीतून तिला म्हणाले, "ताई, त्या दिवशी जिथे होतात तिथे उभ्या राहाल?"

ती गेली. कुणी दाखवायला लागलं नाही. पुढच्या दाराच्या जरा मागे, एक पाय जमिनीवर, एक पेडलवर. अगदी पांढऱ्या बटणाची जागा, छोटे.

बाबा आरशात बघत राहिले. किती वेळ बघत होते. मग म्हणाले, "हात वर करा, ताई." तिनं केला. "केलात का?" "केलाय, काका." "दोन्ही करा." तिनं दोन्ही केले, सायकल मांडीला टेकवून. अख्ख्या डेपोला दिसत होते तिचे हात. एक बाबांना सोडून.

मग बाबांनी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

…थांब जरा. मला पाणी पिऊ दे.

…हां. ती हळूहळू पुढून फिरून खिडकीखाली आली. म्हणाली, "काका, मला इतकी वर्षं वाटत होतं तुम्ही मला बघितलं होतं. बघूनही वळलात. घाईत होतात म्हणून." आणि बाबा म्हणाले, "आणि मला वाटत होतं, मी बघायचंच विसरलो." मग ती म्हणाली, "बघितलं असतंत तरी दिसले नसते मी." तिनं खिडकीतून हात वर केला आणि त्यांच्या कोपराला लावला. एवढंच. मग म्हणाली, "उतरा आता, ऊन फार आहे आत."

…

अगं, पाना-काका पाण्याच्या टाकीमागे जाऊन तोंड धुत होते. दोन वेळा धुतलं.

साहेब? साहेबांनी ड्रॉइंग मागितलं. मला नाही, बाबांना विचारलं, "तुमच्या मते बसनं कुठे थांबावं?" बाबांनी खडूची रेघ दाखवली. ते रेघेवर जाऊन उभे राहिले, परत आले, ड्रॉइंगची घडी घातली आणि निघून गेले. हो-नाही काही नाही! गुरुवार अख्खा आम्ही टांगणीला. बाबा तर दर अर्ध्या तासानं मला ऑफिसात फोन. शुक्रवारी सही झाली… हो! झाली! अगं कान फुटेल माझा! आई, छोटी किंचाळतेय!

पण पूर्ण नाही गं. तीन महिन्यांसाठी. सिमेंट नाही, रंग आणि रबरी खांब. एक बस जरी अडकली तरी उखडून टाकणार. आणि एक अट. प्रत्येक नवीन ड्रायव्हरला पहिल्या फेरीच्या आधी ती नऊ सायकलींची गंमत दाखवायची. कोण दाखवणार?… अर्थात. दर मंगळवारी. म्हणून वर्दी परत उसवलीये, आई तेच शिवतेय आत्ता. म्हणतेय, अजून दोन बोटं सोडते, मंगळवारी डेपोत चहा-बिस्किटं होणारच.

काल रंग मारला. आज पहिला दिवस. नदीपासून हॉस्पिटलपर्यंत सलग, एकदाही पाय न टेकता. मी सकाळी जाऊन आले… कसं वाटलं? काहीच वाटलं नाही गं! तेच तर. चौक कधी आला आणि कधी गेला कळलंच नाही. पलीकडे पोचल्यावर लक्षात आलं, आणि मग मी वेड्यासारखी परत फिरून पुन्हा गेले.

आणि बाबा दहा वाजल्यापासून तिथे बाकावर जाऊन बसलेत. वही घेऊन. कोण ड्रायव्हर रेघेवर थांबतो, कोण पुढे येतो. "जरा टेकून येतो" म्हणून गेलेत, चार तास झाले… तुला का नाही सांगितलं? सही होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही अशी शपथच घातली होती मला. तुलाही. मी म्हटलं, बाबा, तिला तरी… तर म्हणाले, "तिला मीच सांगीन." मग रोज फोन हातात घ्यायचे. रोज परत ठेवायचे. म्हणून म्हटलं आता आपणच… एक मिनिट. किल्ली वाजली. आले वाटतं.

बाबा? अहो किती ऊन लागलंय तुम्हाला! टोपी कुठे?… किती?… छोटे, ऐक, दुपारपर्यंत चारशे अठरा सायकली मोजल्यात त्यांनी! सत्तरच्या जागी चारशे अठरा!… आणि एकच बस पुढे आली म्हणे. तिचा नंबर लिहून घेतलाय… बाबा, छोटी आहे फोनवर… हो, तीच… सांगितलं. सगळं सांगितलं… रागावा मग. आधी बोला, मग रागावा… नाही, आंघोळीला गेलेत असं मी नाही सांगणार. आईसुद्धा नाही सांगणार. धरा… उलटा धरलाय तुम्ही, असा धरा. बोला.

हॅलो?… हं. मीच, बाबा… हं.

…हं.

…नाही. तू कशाला माफी मागतेस, बाळ? मीच जरा… मला जमत नव्हतं. फोन वाजला की… असो. झालं ते झालं.

…नको रडूस. तुझ्या ताईनं तिखटमीठ लावलं असेल, तिला सवय आहे… बूट? हो, बूट पॉलिश केले होते, ते खरंय.

ब्रेक कसे आहेत तुझे?… दोन्ही बघितलेस? पावसाळी रस्त्यावर नुसता पुढचा दाबायचा नाही… घंटा आहे?… वाजवायची. लाजायचं नाही… हं. किती लांब आहे कामाची जागा?… सहा किलोमीटर. ट्रॅक आहे का?… कुठपर्यंत?… आणि मग?… मग संपतो म्हणजे? असा मध्येच?… हं. तुमच्याकडेही तेच.

थांब. थोरले, कागद दे जरा… हा नको, मोठा दे. पेन्सिल… हं, सांग. दारातून निघालीस. कुठल्या अंगाला?… उजवीकडे. उतार आहे की चढ?… बरं. मग?… शाळा डाव्या हाताला. शाळा सुटायची वेळ आणि तुझी वेळ एकच का?… नाही, ठीक… सावकाश सांग, मी काढतोय… पूल. पुलावर ट्रॅक आहे?… आहे. चांगलं. पूल उतरलीस…

बस मागून येते की समोरून?… किती नंबरची?… रोज बघतेस आणि नंबर माहीत नाही? ड्रायव्हरची मुलगी तू!… हं, हस. हस.

बरं, आता चौक आला. ट्रॅक इथे संपला. सिग्नल लाल आहे, बस उभी आहे. तू कुठे उभी राहतेस?… बसच्या डावीकडे. नीट आठवून सांग हं. पुढच्या दाराच्या पुढे की मागे?… हॅलो?

हॅलो?… बाळ?… हॅलो?

…कट झाला. थोरले, लाव. परत लाव गं… अगं पाणी राहू दे माझं, आधी फोन लाव! पोरगी चौकात उभी आहे.